पडण्याची योग्य पद्धत

३ फेब्रुवारी, संध्याकाळ

उद्या ट्रेनिंग. विषय माझा, स्लाइड्स माझ्या, गादीसुद्धा मीच निवडलेली. फर्निचरच्या गोदामात सेफ्टी ऑफिसर म्हणून इतकी वर्षं काढल्यावर एक गोष्ट पक्की कळली आहे. माणसाचं पडणं थांबवता येत नाही, पण कसं पडायचं ते शिकवता येतं. हात पुढे टेकायचा नाही. हनुवटी छातीला, अंग गोल, खांद्यावरून लोळायचं. हे मी नुसतं सांगणार नाही, करून दाखवणार. वय एक्कावन्न. फिटनेस पस्तिशीचा.

आईला हॉलमध्ये प्रात्यक्षिक दाखवत होतो. ती म्हणाली, आधी टीपॉय सरकव. सरकवला. मग म्हणाली, आता जेवायला बस, उद्या पड.

आईची बांधाबांध चालू आहे. महिनाअखेर ती कायमची ताईकडे राहायला जाणार. ताई एकटीच असते, तळमजल्यावर राहते, मागे छोटीशी बाग, एक खोली रिकामी. आईचा हट्टच आहे. मी आडवा येत नाही. बायकोने 'थोडे दिवस वेगळं राहून बघू' म्हटलं त्याला आता दोन वर्षं होतील. तेव्हापासून मी इथे आहे, तो आईला या वयात सोबत हवी म्हणून. माझ्याशिवाय तिचं कसं होणार, हा प्रश्न तिला अजून पडलेला दिसत नाही.

४ फेब्रुवारी

डाव्या हाताने लिहितोय.

पडलो.

पद्धत बरोबर होती. गादी सरकली.

उजवं मनगट. प्लास्टर कोपरापर्यंत. आईने भरवलं.

बास. हात दुखतो. डावासुद्धा.

६ फेब्रुवारी, सकाळ

डाव्या हाताचं अक्षर सुधारतंय. 'क' आणि 'फ' आता वेगळे ओळखू येतात. झाला प्रकार नीट नोंदवून ठेवतो, कारण गोदामात अफवा पसरणार.

गादीच्या कडेला उभा राहिलो. समोर सगळा स्टाफ. "बघा हं," म्हणालो आणि पुढे झुकलो. गादी मागे गेली, मी पुढे. हात आपोआप बाहेर आला. तो मेंदूची परवानगी घेत नाही. हे माझ्याच स्लाइडवर लिहिलेलं आहे. कटकन आवाज आला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, कसं पडू नये ते सर आधी दाखवतायत. मी प्रसंगावधान राखून पडल्या पडल्या म्हणालो, "ही झाली चुकीची पद्धत." पुन्हा टाळ्या. मग उठायला गेलो आणि हाताकडे लक्ष गेलं. मनगटाच्या जागी जेवणाचा काटा पालथा ठेवल्यासारखं काहीतरी होतं. पहिल्या रांगेतल्या फोर्कलिफ्टवाल्याने हातातला मोबाइल खिशात घातला आणि मला सावरलं. चांगला मुलगा आहे. पण मोबाइल हातात का होता?

हाडांचे डॉक्टर वयाने लहान, बोलायला मुद्देसूद. कोपरापासून मनगटापर्यंत दोन हाडं असतात, अंगठ्याच्या बाजूचं ते रेडिअस. मनगटाशी येताना ते रुंद होतं आणि आतून स्पंजसारखं असतं. तळहात टेकून पडलं की अंगाचा सगळा भार मनगटातल्या आठ छोट्या हाडांवर येतो, आणि त्यातलं होडीच्या आकाराचं एक आणि चंद्रकोरीसारखं एक, अशी दोघं मिळून तो भार रेडिअसच्या टोकावर ढकलतात. त्या क्षणी मनगट मागे वाकलेलं असतं. त्यामुळे तळहाताकडची बाजू ताणून फाटते आणि मागची बाजू चेचली जाते. जाड पुठ्ठा वाकवला की एकीकडे फाटतो, दुसरीकडे चुरगळतो, तसं.

मी म्हणालो, म्हणजे दोष हाडात होता. ते म्हणाले, हाड उत्तम आहे, भार जास्त होता. हे बोलताना माझ्या पोटाकडे का बघितलं ते कळलं नाही.

मग हात ओढून हाड जागेवर बसवलं. बधिर केलेलं असूनही मी किंचाळलो असं आईचं म्हणणं आहे. मी फक्त 'आई' म्हणालो. ती समोरच उभी होती, म्हणून हाक मारली.

सूचना मिळाल्या त्या अशा. हात उंच ठेवायचा. बोटं सतत हलवायची, पूर्ण मूठ वळायची, उघडायची. खांदा आणि कोपर आखडू द्यायचं नाही. मागची बाजू चुरल्यामुळे हाड पुन्हा कलंडू शकतं, म्हणून एक्स-रे काढत राहायचं.

हात उंच ठेवणं मान्य. बोटांबद्दल माझं मत वेगळं आहे. दुरुस्तीतलं मशीन कुणी चालवत नाही, आम्ही त्याला लाल पाटी लावतो. बोटांना पूर्ण विश्रांती.

८ फेब्रुवारी

आईने ताईकडे जाणं पुढे ढकललं. मला माहीतच होतं. घर सोडवत नाही तिला.

ताईचा फोन आला होता. ताई फोनवर असं बोलते की फोनची गरज पडू नये. म्हणे, त्याच्यासाठी कुणीतरी माणूस ठेव आणि तू ये, खोली किती दिवस रिकामी ठेवू, एक शिक्षिका भाड्याने मागतेय. आई म्हणाली, त्याच्या पायजम्याची नाडी बांधायला माणूस कुठून आणू?

हे ताईला सांगायची काही गरज नव्हती.

पण ते खरं आहे. सकाळी आई ब्रशवर पेस्ट काढून देते. प्लास्टरवर प्लास्टिकची पिशवी बांधते, पाठीवर पाणी ओतते, टॉवेलने डोकं खसाखसा पुसते. नाडीच्या वेळी मी छताकडे बघतो, ती भिंतीकडे बघते. मग बटणं. मग घास. माझ्या मते हे तिच्यासाठी चांगलंच आहे. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी माणसाला गुंतायला काहीतरी हवं.

११ फेब्रुवारी

संकल्प: (१) डाव्या हाताने सही. (२) रोज अर्धा तास मनगटाचा अभ्यास. डॉक्टरांशी बरोबरीच्या नात्याने बोलता आलं पाहिजे. (३) आईला त्रास कमी.

आज मनगटाची आठही हाडं डाव्या हाताने काढली, दोन रांगांत चार-चार. कागद टेबलावर ठेवून जरा पडलो. उठलो तर आई पिशवी घेऊन बाजारात निघालेली. विचारत होती, हे आठच बटाटे आणायचे की जास्त?

१८ फेब्रुवारी, दुपार

एक्स-रे. हाड कलंडलं.

डॉक्टरांनी स्क्रीनवर रेघा मारून दाखवलं. रेडिअसचं टोक तळहाताच्या बाजूला थोडं झुकलेलं असतं, दहा-बारा अंश. माझं उलट्या बाजूला वीस अंश झुकलंय, शिवाय आखूड झालंय. म्हणाले, ऑपरेशन करून प्लेट आणि स्क्रू बसवू. आत्ता सोपं आहे, उशीर केला तर हाड असंच वाकडं जुळेल.

मी अभ्यास केलेला असल्यामुळे मुद्द्याला हात घातला. विचारलं, टॉलरन्स किती? आमच्या गोदामातला रॅक थोडा कलला तरी चालतो. डॉक्टर म्हणाले, तुम्ही रॅक नाही. त्यांना मुद्दा कळला नाही. विचार करून सांगतो म्हणालो.

विचार केला. ऑपरेशन नाही. कारणं दोन. सत्तावीसला सेफ्टी डे आहे, मोठे साहेब स्वतः येणार, तेव्हा मी लागेन. आणि आई. मी आत गेलो की ती बाहेर बाकावर बसून राहणार, तिला बीपी आहे.

रिक्षात आईला हे सांगितलं. ती म्हणाली, "मला बीपी नाही."

"होऊ शकतं," मी म्हणालो.

"माझं नाव पुढे करू नकोस, सोन्या. भीती वाटतेय का?"

मी मोठ्याने हसलो. रिक्षावाल्याने मागे वळून बघितलं.

मला भूल, सुया, आतले स्क्रू यांतल्या कशाचीही भीती वाटत नाही. फक्त हे शब्द सलग लिहिले की तहान लागते.

२७ फेब्रुवारी

सेफ्टी डे. आईने मला इस्त्रीचा शर्ट घातला, उजवी बाही कात्रीने उसवली, कोट नुसता खांद्यावर टाकला. आरशात रुबाबदार दिसत होतो. एखादा जखमी सेनापती.

भाषण तयार होतं. पण मोठ्या साहेबांनी सुरुवातीलाच दिवे घालवायला सांगितले आणि पडद्यावर मी आलो. झुकताना. गादी मागे जाताना. मग तेच हळू गतीने. तळहात जमिनीला टेकतो तिथे चित्र थांबवलं आणि फोर्कलिफ्टवाल्याने काठीने दाखवलं, भार इथून येतो, इथे हाड फाटतं, इथे चुरतं. हे सगळं त्याला मीच जेवणाच्या सुट्टीत फोनवर समजावलं होतं. लोक आधी हसले. मग कुणीतरी म्हणालं, आई गं.

साहेबांनी जाहीर केलं की यापुढे पडण्याचं ट्रेनिंग फोर्कलिफ्टवाला घेईल. मला हात पुढे करून म्हणाले, तुमच्यामुळे लोकांच्या लक्षात राहील. मी डावा हात दिला. माझ्या एक्स-रेचं पोस्टर करून जिन्यापाशी लावायची परवानगी मागितली, ती दिली. शिकवणारे पुष्कळ असतात. उदाहरण व्हायला दर्जा लागतो.

भाषण झालं नाही. घरी आल्यावर आईला म्हणून दाखवलं. तिने पूर्ण ऐकलं. ऐकता ऐकता माझे बूट काढले.

१९ मार्च

प्लास्टर निघालं!

आतून निघालेला हात माझा नाही. बारीक, पांढरा, सालं निघालेली, वर नको तेवढे केस. मनगट अंगठ्याच्या बाजूला कललंय आणि मागे उंचवटा राहिलाय. हाड जुळलं आहे. वाकडं, पण जुळलं आहे. मी डॉक्टरांकडे विजयाने बघितलं. ते म्हणाले, मूठ वळा.

बोटं निम्म्यावर येऊन थांबली. जोर लावला तर खांदा वर गेला आणि तोंड वेडंवाकडं झालं, बोटं तिथेच.

बोटं हलवत होतात ना? त्यांनी विचारलं. मी म्हणालो, मनातल्या मनात.

तळहात वर करा म्हणाले. भीक मागताना करतात तसा. तो अर्ध्यात अडकला. म्हणजे या हाताने आता कुणी काही दिलं तर घेता येणार नाही. ओंजळ होत नाही. डॉक्टर म्हणाले, रोज फिजिओथेरपी, आणि घरी सगळी कामं याच हाताने. हात वापरलात तरच हात राहील.

२२ मार्च

फिजिओ बाई कडक आहेत. आज एक गंमत दाखवली. मनगट पुढे वाकवून मूठ वळायला सांगितली, बोटांत जीवच नाही. मग मनगट जरा मागे वाकवलं, तीच बोटं थोडी घट्ट झाली. बोटांच्या दोऱ्या मनगटावरून जातात, ते मागे असलं की दोऱ्या ताणलेल्या राहतात. माझं मनगट मागे जायला तयार नाही. म्हणून मूठ नाही. म्हणून बरणी, किल्ली, नळ, नाडी, काही नाही.

रबरी चेंडू दिला आहे, दाबायला. दाबला. चेंडूला कळलं नाही.

संकल्प: उद्यापासून दिवसातून चार वेळा व्यायाम.

२३ मार्च

उद्यापासून.

२७ मार्च

फिजिओ बाईंनी विचारलं, घरी करता ना? नियमित, म्हणालो. त्यांनी कोनमापक लावून बघितलं. मागच्या वेळचाच आकडा. उपकरण जुनं असावं.

खरं तर वेळ मिळत नाही. सकाळी आई ब्रश, आंघोळ, बटणं उरकते, त्यात सकाळ जाते. ती एवढं प्रेमाने करते, तिला नको म्हणणं बरं दिसत नाही. ताईचा फोन परत आला, त्या शिक्षिकेला पुढच्या आठवड्यात उत्तर हवंय. आई म्हणाली, बघते. मी सोफ्यावर हात उशीवर घेऊन बसलो होतो. जरा कण्हलो. दुखत होताच.

२ एप्रिल

वाईट दिवस.

फिजिओ बाईंनी कोनमापक लावला, परत लावला. मग सरळ म्हणाल्या, "हा हात कुणी वापरतच नाहीये. घरी यांचं सगळं कोण करतं?"

मी म्हणालो, मीच.

आई तेव्हा माझी कॉलर नीट करत होती.

तिचा हात तिथेच थांबला. फिजिओ बाई तिच्याकडे बघत राहिल्या, आई माझ्या कॉलरकडे. मग तिने हात काढून घेतला आणि पदराला पुसला. पुसण्यासारखं काही नव्हतं.

घरी आलो. आल्यावर मी खुर्चीत बसून पाय पुढे केले. ती आत निघून गेली. बूट तसेच. चहा केला, माझा कप ओट्यावरच ठेवला. म्हणाली, घे. मी डावा हात लावला. म्हणाली, उजव्याने. म्हटलं, उद्यापासून. तिने माझ्यासमोर ताईला फोन लावला. शनिवारी ये म्हणाली. खोली देऊ नकोस कुणाला.

मी समजावलं. अशा अवस्थेत मला सोडून जायचं म्हणजे तुलाच रुखरुख लागेल. ती म्हणाली, लागेल.

"मग?"

"मी इथे असेपर्यंत तुझी मूठ वळायची नाही, सोन्या."

आईला बायोमेकॅनिक्स कळत नाही. मुठीचा संबंध मनगटाच्या कोनाशी असतो, घरात कोण आहे याच्याशी नसतो. हे मी तिला चित्र काढून समजावणार होतो. पेन डाव्या हातात घेतलं. तिने बघितलं. मग मीच राहू दिलं.

५ एप्रिल, शनिवार

आई गेली. मी परवानगी दिली.

ताईने गाडी आणली होती. मी दोघींना सीटबेल्टची आठवण करून दिली. आईने बॅग मला उचलू दिली नाही, स्वतः उचलली, मग काय वाटलं कुणास ठाऊक, खाली ठेवली आणि म्हणाली, उचल. उजव्या हाताच्या बोटांत बंद अडकवला. बॅग चार पायऱ्या उतरली आणि निसटली. ताई पुढे झाली. आईने तिचा दंड धरला. मी बॅग डाव्या हाताने गाडीत टाकली.

घर मोठं वाटतंय. सामान कमी झालं की जागा वाढते, साधं गणित आहे.

७ एप्रिल

बटणं: दोन लागली, ती चुकीच्या काजांत. टी-शर्ट घालून कामावर गेलो.

वॉचमनने ऑफिसची किल्ली नेहमीप्रमाणे तळहातावर ठेवली. तळहात वर होत नाही हे मी विसरलो, त्याला माहीत नव्हतं. किल्ली पायऱ्यांवरून खाली गेली. ती उचलायला वाकलो तर समोर जिन्यापाशी माझा एक्स-रे.

तोंड धुताना ओंजळ होत नाही. तोंडच नळाखाली नेतो. कानात पाणी जातं. जेवणात पाव आणि केळं. केळं दाताने सोललं.

ताईकडे फोन केला. आई झोपली होती. दुपारी चार वाजता! तिकडे तिला करमत नसणार.

१० एप्रिल

आज व्यायाम केला. खरंच केला. संकल्प वगैरे नव्हता. गरम पाण्यात हात बुडवून बसलो होतो, करायला दुसरं काही नव्हतं. बोटं एकेक करून वळवली. फार दुखलं. ओरडलो. कुणी आलं नाही.

करंगळी तळहाताला टेकली. एकटी करंगळी. सांगायला कुणी नव्हतं म्हणून इथे लिहितो.

१३ एप्रिल, रविवार

आईचं कसं चाललंय ते बघायला ताईकडे गेलो. तिला एकटं वाटत असेल, थोडा धीर द्यावा.

आई बागेत होती. हातात खुरपं, गुडघ्याला माती. मला बघून उठली, नखशिखांत बघितलं, टी-शर्टकडे जरा जास्त वेळ. जेवलास का विचारलं. मी म्हणालो, माझं उत्तम चाललंय. तिने ताईकडे बघितलं.

चहा झाला. किटली टेबलावर आली. ताई कप पुढे करणार होती, आई म्हणाली, तो ओतेल. मला वाटलं गंमत करतेय. दोघी वाट बघत बसल्या. किटलीच्या कानात उजव्या हाताची बोटं घातली, मनगट जमेल तेवढं मागे घेतलं, उचलली. उचलली गेली! पहिल्या कपात अर्धा चहा पडला. दुसऱ्या कपाला किटली वळवायला गेलो तिथे मनगट अडलं, किटली एकदम कलली आणि चहा टेबलभर. बशीत, टेबलक्लॉथवर, ताईच्या चष्म्याच्या घरावर, तिथून खाली टप टप.

ताई उठली. मग परत बसली.

शेवटी मीच सिंकपाशी गेलो, फडकं आणलं. पुसलं. फडकं चहाने भरलं तसं पिळायला गेलो, उजवी मूठ वळेना, अर्धं पाणी फडक्यात आणि अर्धं पायावर. परत पुसलं. परत पिळलं. मला वाटतं पुष्कळ वेळ गेला. मी पिळायचो आणि आईकडे बघायचो, की आता ही म्हणेल, दे इकडे. ती म्हणाली नाही. ती खुर्चीत अगदी ताठ बसली होती आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते. एवढे घट्ट की दंड थरथरत होते.

थंडी वाजत असणार. बाहेर ऊन रणरणत होतं, पण या वयात वाजते. विचारलं तर हो म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

पुढच्या रविवारी तिच्यासाठी शाल घेऊन जायला हवी.